लिमलेट विरघळेपर्यंत

एस्तेरबाईंच्या अंत्यविधीला मी चुकीच्या चर्चमध्ये जाऊन बसलो.

बसलो म्हणजे चांगली वीस मिनिटं बसलो. इंग्लंडातल्या या मिल्टन कीन्समध्ये एकाच संताच्या नावाची दोन चर्चेस आहेत हे तेरा वर्षं इथे राहून मला ठाऊक नव्हतं, आणि पोस्टकोड न टाकता नुसत्या नावावर गाडीतल्या सॅटनॅवच्या भरवशाने निघणारा सॉफ्टवेअरवाला या गावात मी एकटाच असणार. एकासारखे एक राउंडअबाउट ओलांडत पोचलो, काळ्या कोटातली माणसं दिसली, शिरलो. चौथ्या रांगेत बसून रीतसर डोळे पुसायला लागलो. शेजारच्या इंग्रज आजींनी टिश्यू दिला आणि हळूच विचारलं, "वेअर यू क्लोज?" मी हुंदका आवरून म्हणालो, "शी चेंज्ड माय डॉटर्स लाइफ." आजी दचकल्या. तेव्हा कुठे मी मांडीवर पालथी पडलेली अंत्यविधीची पत्रिका उलटून पाहिली. तिच्यावर भरघोस मिशांचे एक गृहस्थ हसत होते.

हे हसण्यावारी नेता आलं असतं, पण त्या दिवशी दुसऱ्या चर्चमध्ये, खऱ्या चर्चमध्ये, माझी मुलगी सुजाता बोलणार होती. चारचौघांसमोर ती कधी बोलली असली तरी मी ते ऐकलेलं नव्हतं. तीन वर्षं नव्हतं. आणि त्याचं कारणही मीच होतो... पण ते सांगायचं तर आधी एस्तेरबाई सांगायला हव्यात.

सुजा बारा वर्षांची असताना शाळेत बोलायची थांबली. आधी वर्गात, मग मैत्रिणींत, आणि मग एका सोमवारी युनिफॉर्म घालून जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली ती उठलीच नाही. डॉक्टर झाले, कौन्सिलची माणसं झाली, शेवटी मी आणि माझ्या बायकोने, प्रज्ञाने, तिचं नाव शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायचं ठरवलं. गणित माझ्याकडे, विज्ञान प्रज्ञाकडे. साहित्याचं काय? ऑफिसातल्या एका मल्याळी सहकाऱ्याने सांगितलं की त्यांच्या चर्चच्या हॉलमध्ये होमस्कूलिंगवाल्या मुलांसाठी दर गुरुवारी सकाळी साहित्याचा तास असतो. अकरा ते सोळा वयाची डझनभर मुलं असतात, आणि शिकवणाऱ्या बाई तुमच्याकडच्याच आहेत.

तुमच्याकडच्या म्हणजे अहमदनगरच्या. मिशनच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या, यजमान गेल्यावर मुलाकडे, सॅम्युएलकडे, राहायला आलेल्या. सगळं गाव गाडीने फिरतं, या मात्र साडीवर कार्डिगन आणि पायात ट्रेनर्स घालून, पुस्तकांची चाकाची पिशवी ओढत रेडवेवरून, त्या लाल पायवाटांवरून, चालत यायच्या. मी त्यांना पहिल्यांदा भेटायला गेलो तो नऊ अटींची यादी घेऊन. टाइप केलेली. लॅमिनेट केलेली. आमचं घर बौद्ध आहे, मुलीला प्रार्थना म्हणायला लावू नये, तिला बाप्तिस्म्याविषयी काही सांगू नये, वगैरे. मी "जय भीम" म्हणालो, त्या "सलाम" म्हणाल्या आणि चष्मा लावून यादी पूर्ण वाचली.

"कुठले तुम्ही?"

"नागपूर."

"हं. तुमच्याकडे दीक्षा कोणी घेतली? वडिलांनी?"

"आजोबांनी."

"आमच्याकडे पणजोबांनी. त्यांना कुणी नऊ अटी घातल्या नव्हत्या, पण दोघांनी धर्म विचार करूनच बदलला असणार. तुमची पोर काय बिनडोक आहे?" त्यांनी यादी हातातल्या पुस्तकात घातली. "कागद चांगला जाड आहे. खूण म्हणून उपयोगी पडेल." त्या दिवसापासून मला त्या 'नागपूर' म्हणायच्या. "या नागपूर", "बसा नागपूर", आणि बहुतेक वेळा, "गप्प बसा नागपूर".

तास सुरू व्हायच्या आधी एक छोटी प्रार्थना व्हायची. सुजाला त्यांनी सांगून ठेवलं होतं, डोळे उघडे ठेव, खिडकीबाहेर बघ, आमचं झालं की हाक मारते. मग वाचन. एक प्रकरण, एकदाच, मोठ्याने. पुस्तक मिटायचं. आणि मग एका मुलाने ते सगळं स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. तो अडला की बाई फक्त एवढंच म्हणणार, "आणि मग?" मराठीत. हॉलमध्ये इंग्रज मुलं होती, नायजेरियन होती, मल्याळी होती. मराठीतले हे दोन शब्द सगळ्यांना येत होते. आणि एक कडक नियम : तात्पर्य सांगायचं नाही. मला वाटलं होतं, ख्रिस्ती बाई, चर्चचा हॉल, म्हणजे तात्पर्यांचा पाऊस पडेल. काही आईबापांचीही तीच तक्रार होती, की पोरांना गोष्टीतून नीती कधी शिकवणार? बाई म्हणायच्या, "अर्थ आपण हातात दिला ना, तर पोरं तो इथेच विसरून जातात. छत्रीसारखा. स्वतःला सापडला तरच घरी नेतात."

आईबापांना रेडिएटरच्या कडेला बाकावर बसायची मुभा होती, पण फुकट नाही. बाईंकडे एक निळा पत्र्याचा डबा होता. त्यात लिंबाच्या कडक गोळ्या. दुकानात त्यांना इथे काहीही म्हणत असोत, बाईंच्या लेखी ती लिमलेट. तास सुरू होताना डबा बाकावरून फिरायचा. प्रत्येक पालकाने एक गोळी तोंडात ठेवायची, आणि ती विरघळेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. चावायची नाही. वर्गातल्या मुलांना शिस्त लावणारे मास्तर मी खूप पाहिले. पालकांच्या तोंडाला बूच लावणाऱ्या या एकट्याच. मला पहिल्या गुरुवारपासून दोन मिळायच्या.

सुजा आठ महिने बोलली नाही. ऐकायची. बाई तिला दर आठवड्याला एकदा विचारायच्या, "सुजाता, आणि मग?" थांबायच्या. चांगल्या थांबायच्या. मग अजिबात नाराज न होता दुसऱ्याकडे वळायच्या. गाडीत बसताना मी विचारायचो, "अगं, आज बोलायला काय झालं होतं?" ती खिडकीबाहेर बघायची.

एका गुरुवारी गोष्ट होती एका नावाड्याच्या बायकोची. नवरा आजारी, नदीला पूर, पलीकडून कुणीतरी हाका मारतंय, आणि हिने आजवर कधी वल्हं धरलेलं नाही. ती दोर सोडते, तिथे प्रकरण संपलं. बाईंनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "सुजाता, आणि मग?" हॉल शांत. किचनमध्ये चहाच्या पाण्याची किटली तेवढी गुरगुरत होती. किती वेळ गेला कोण जाणे... मला तो तासभर वाटला. माझ्या पोरीकडे बारा पोरं बघतायत, तिचे कान लाल झालेत, आणि मी बाप असून लिमलेट चघळत बसलोय! कडाड आवाज झाला. दोन्ही गोळ्या मी एकदम चावल्या होत्या. आणि मग मी उभा राहून नावाड्याच्या बायकोची संपूर्ण गोष्ट सांगितली. नदी सांगितली, पूर सांगितला, ऑफिसातल्या एका रखडलेल्या प्रोजेक्टचं उदाहरण दिलं, आणि शेवटी तात्पर्यही सांगितलं : माणसाने धाडस करावं.

टाळी कुणीच वाजवली नाही. तास संपल्यावर बाईंनी मला दाराशी गाठलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "नागपूर, तिनं तोंड उघडलं होतं. मी बघत होते. तुम्ही झाकण लावलंत."

  गाडी गरम करायचं निमित्त करून पार्किंगमध्ये जाऊन बसलो. सुजा बराच वेळ बाहेर आली नाही. मला वाटलं, रडत असेल. आली तेव्हा तिच्या गालात लिमलेट होती. मी विचारलं नाही. पुढच्या आठवड्यापासून मला बाकावर बंदी झाली. आधी किचनमध्ये कप विसळायला, मग तिथूनही कान देतोय असं लक्षात आल्यावर थेट गाडीत. सुजा हळूहळू बोलायला लागली हे मला मल्याळी सहकाऱ्याच्या मुलाकडून कळलं. आधी दोन वाक्यं, मग पानभर. दोन वर्षं मी पार्किंगमध्ये बसून माझी मुलगी आत काय सांगत असेल याचा अंदाज करत राहिलो. घरी विचारलं तर म्हणायची, "ते तिथलं आहे, बाबा."

गेल्या हिवाळ्यात बाईंचं हृदय थकलं. हॉस्पिटलमध्ये शेवटची भेट झाली तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या, आवाज बारीक, पण वटहुकूम काढणं चालूच. "माझ्या वेळी भाषणं नकोत. मी किती चांगली होते वगैरे काही नको. एकाने मला गोष्टीसारखं परत सांगायचं आणि खाली बसायचं. पास्टरना कळवलंय. सुजाता सांगेल."

मी लगेच, "अहो बाई, एवढ्या लोकांसमोर तिला कसं... म्हणजे मी लिहून देतो, तिने नुसतं वाचलं तरी..."

बाईंनी कॉटच्या बाजूच्या कपाटाकडे बोट दाखवलं. खणात निळा डबा होता. मी निमूटपणे दोन घेतल्या. त्या विरघळेपर्यंत आम्ही दोघं खिडकीतून पार्किंग बघत बसलो. निघताना त्या म्हणाल्या, "डबा घेऊन जा. पोरीला द्या. तुम्हाला नाही, पोरीला." पुढच्या गुरुवारी सकाळी सॅम्युएलचा फोन आला.

इथे माणूस गेल्यावर अंत्यविधीला आठवडे लागतात. ते अडीच आठवडे सुजाने मला एक शब्द दाखवला नाही. त्या सकाळीसुद्धा ती प्रज्ञाला घेऊन मल्याळी कुटुंबाच्या गाडीतून लवकर गेली. कारण स्पष्ट होतं. "बाबासोबत नको. तो रस्ताभर टिप्स देतो." म्हणून मी एकटा निघालो, आणि मिशीवाल्या गृहस्थांपाशी पोचलो.

तिथून गाडी कशी हाकली ते पोलिसांना कळू नये. खऱ्या चर्चच्या दाराशी पोचलो तेव्हा आत माणसं भिंतीला टेकून उभी होती. मी पोर्चमध्येच राहिलो. सुजाचा आवाज येत होता. मला वाटायचं त्यापेक्षा तो जाड होता. इंग्रजीत सांगत होती ती, कागदाशिवाय. एका गुरुवारी तास संपल्यावर काय झालं ते सांगत होती : सगळे निघून गेले. बाई येऊन शेजारच्या खुर्चीवर बसल्या. एक गोळी मला दिली, एक स्वतः घेतली. म्हणाल्या, मला घाई नाही, आज जेवायला कालची आमटीच आहे. आम्ही बसलो. गोळी संपली. त्यांनी दुसरी दिली. हॉलच्या माणसाला खुर्च्या उचलायच्या होत्या, त्यालाही एक दिली. मग मी म्हणाले, तिने दोर सोडला...

आणि तिथे सुजा थांबली.

शांतता वाढत गेली. मला दारातून तिचे लाल झालेले कान दिसत होते. माझं तोंड उघडलं. खरं सांगतो, उघडलं. गोष्ट मला ठाऊक होती, नदीही ठाऊक होती, आणि लिमलेट काही जवळ नव्हती. मी लोकरी हातमोजा दातांत धरला.

पहिल्या रांगेतून कुणा पोराचा आवाज आला, "आणि मग?" मग दुसरा. मग सगळी बारा पोरं, नायजेरियन, इंग्रज, मल्याळी, आपापल्या उच्चारांत : "आणि मग?"

सुजा हसली. "मग नाव हलली," ती म्हणाली. "बाई म्हणाल्या, बरं, आता घरी जा, तुझा बाबा गाडीत थंडीने मरेल." आणि ती खाली बसली. तात्पर्य नाही. मोज्याची लोकर पुढे दोन दिवस माझ्या दातांतून निघत होती.

परतताना गाडीत मी विचारलं, "मी मिस केलं गं अर्धं. रागावलीस?" ती म्हणाली, "नाही. तू दिसत नव्हतास, बरं वाटलं." मग थोड्या वेळाने, "शेवटी दिसलास. मोजा का खात होतास?"

आता सहा आठवडे झाले. तास बंद पडेल असं सगळ्यांनी धरलं होतं, पण गुरुवार आला आणि पोरं हॉलवर जमली, सवय. मोठ्या मुलांना एक निवृत्त इंग्रज मास्तर वाचून दाखवतात. अकरा-बारा वर्षांची चार लहान मुलं सुजाकडे दिली आहेत. बाईंचं पुस्तक तिच्याकडेच असतं, आणि त्यात खूण म्हणून अजून माझ्या नऊ अटी आहेत. लॅमिनेशन पक्कं निघालं. त्या चार मुलांत एक नवी मुलगी आहे, कुणाशी बोलत नाही. तिची आई रेडिएटरपाशी बसून सारखी पुढे वाकत असते. सुजा तिच्यासमोर निळा डबा धरते आणि झाकण उघडून थांबते. हे मला प्रज्ञाने सांगितलं. मी अजून पार्किंगमध्येच असतो.

गेल्या बुधवारी सुजा डब्यात नव्या गोळ्या भरत होती. मी धीर करून विचारलं, "उद्या मी आत येऊ का? नुसता बसेन बाकावर. एक लिमलेट घेऊन. शब्द काढणार नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि झाकण लावून तो टेबलावरून माझ्यापुढे सरकवला.

"ये. पण एक पुरणार नाही तुला, बाबा. डबाच घेऊन बस."