सोळा सिनेमांचं भांडण

“हे दोघं नवरा-बायको वाटतच नाहीत हो. लिफ्टमध्ये भेटलेले शेजारी वाटतात.”

मुंबईहून रेवती मॅडम फोनवर बोलत होत्या. एका मराठी चॅनेलसाठी त्या दुसऱ्या भाषांतले सिनेमे घेतात. इकडे नाशिकमध्ये, गंगापूर रोडवरच्या आमच्या छोट्या स्टुडिओत, मिलिंद आणि मी फोन स्पीकरवर टाकून ऐकत होतो. आमचं पहिलं सँपल नापास झालं होतं.

काम मोठं होतं. तमिळ सिनेमात एका जोडीने तीस वर्षं नवरा-बायकोच रंगवले. गावाकडचं, कायम भांडणारं जोडपं. तो तापट, ती त्याच्याहून तापट. असे सोळा सिनेमे मराठीत डब करायचे होते. मिलिंदने अंबडच्या औद्योगिक वसाहतीतली नोकरी सोडून हा स्टुडिओ काढलेला. आजवर जाहिरातींवर कसंबसं भागत होतं. हे काम गेलं तर स्टुडिओ बंद करून पुन्हा कंपनीत जाणार, असं त्याने मला स्पष्टच सांगितलं होतं.

“शुक्रवारपर्यंत दुसरं सँपल द्या,” रेवती मॅडम म्हणाल्या. “नाहीतर मला मुंबईतच करून घ्यावं लागेल. माझी आई तमिळ, या जोडीचे सिनेमे बघत म्हातारी झाली. मला फसवता यायचं नाही.”

मी सत्तावीस वर्षं रेडिओत होते. निवृत्त झाल्यावर मिलिंदने मला डबिंग डायरेक्टर केलं. म्हणजे आवाज निवडायचे, उच्चार सुधारायचे आणि ओरडायचं. तिन्ही मला उत्तम जमतात, असा माझा समज. त्यामुळे नापास होणं फार लागलं.

डबिंगमध्ये हल्ली एका वेळी एकच कलाकार आत जातो. कानात मूळ आवाज, समोर पडदा. पडद्यावरचे ओठ हलले की बोलायचं. दुसरा कलाकार दुसऱ्या दिवशी. मग दोघांचे आवाज जोडायचे. सोय अशी की एकाचं चुकलं तर त्याचं तेवढंच दुरुस्त करता येतं. आमच्या सँपलमधला नवरा आधीच्या आठवड्यात सोमवारी पुण्याहून येऊन गेला, बायको बुधवारी आली. दोघांनी एकमेकांना अजून पाहिलेलंही नाही.

मी सँपलचा तो सीन तमिळमध्ये पुन्हा पुन्हा लावला. मला त्या भाषेतलं ओ की ठो कळत नाही, ते बरंच झालं. फक्त आवाज ऐकू आले. मग लक्षात आलं, ही बाई नवऱ्याचं वाक्य कधी पुरं होऊच देत नाही. तो श्वास घ्यायला थांबला की ही घुसते. की मग तो तिच्यावर आवाज चढवतो. आमचे दोघे मात्र रेशनच्या रांगेत उभे असल्यासारखे पाळीपाळीने बोलत होते.

दोष माझा होता. एकाचं संपल्याशिवाय दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही, हा माझा रेडिओतला नियम. जिथे आवाज एकमेकांवर चढत होते, तिथे मीच मिलिंदला ते सरकवून मोकळे करायला लावलं होतं.

“दोघांना एकत्र आत बसवायचं,” मी म्हणाले.

“मॅडम, मग एकाचं चुकलं की दोघांचं परत.”

“परत तर परत.”

“आणि पुण्याचे दोघं एकाच दिवशी मिळणार नाहीत.”

“ते नकोतच.”

माझ्या डोक्यात वेगळेच दोघे होते. सुभाष आव्हाड अंबडला फिटर. शोभाताई मखमलाबादला फुलशेती करतात. हौशी नाटकांत दोघं एकवीस वर्षं एकमेकांचे नवरा-बायको. प्रत्यक्षात दोघांचे संसार वेगळे, आणि दोन्ही घरची माणसं पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतात. एका स्पर्धेत मी परीक्षक होते. ‘एकमेकांची वाक्यं खातात’ म्हणून मी त्यांचे मार्क कापले होते.

शोभाताईंना फोन केला.

“तुमीच ना त्या, आमचं पयलं बक्षीस घालवलेल्या?”

“हो, मीच.”

“मग आता काय काम काढलं?”

“तेव्हा ज्याचे मार्क कापले, तेच करायला या.”

बाई लय हसल्या. म्हणाल्या, “सुभाषभाऊंना मी आणते. त्यांची नाय म्हनायची टाप नाय.”

गुरुवारी दुपारी दोन माइक समोरासमोर लावले. पहिले दोन टेक वाया गेले. दोघं फारच अदबीने बोलत होते.

“असे पाहुण्यांसारखे काय बोलताय?” मी ओरडले.

“मॅडम, तुम्ही काचेतून बघताय ना,” सुभाषभाऊ म्हणाले. “परीक्षेला बसल्यागत वाटतं.”

मी काचेखाली जमिनीवर जाऊन बसले. या वयात, या गुडघ्यांसह.

तिसरा टेक. नवरा शहरात कामाला निघालाय, बायको डबा भरून देतेय आणि भांडतेय. दोघं असे सुटले की मला कुणाचं वाक्य कुठलं ते कळेना. शेवटी पडद्यावर बायकोची पाठ येते. चेहरा दिसत नसला की ओठ जुळवायचे नसतात, तिथे काहीही भरता येतं. सुभाषभाऊंनी सुरुवात केली, “आता दिवाळीशिवाय माझं काय येनं...”

“माहितीये,” शोभाताईंचा आवाज बारीक झाला. “डबा आडवा नका धरू. कालवण सांडंल.”

हे लिहिलेलंच नव्हतं. मिलिंदचा हात रेकॉर्डिंग थांबवायच्या बटणाकडे गेला. मी खालून त्याचं मनगट धरलं.

“नाय धरत,” सुभाषभाऊ म्हणाले. तोवर पडद्यावरचा नवराही दाराकडे वळला होता, त्याचेही ओठ दिसत नव्हते.

माझे डोळे भरून आले. आणि त्या कापलेल्या मार्कांची मनापासून लाज वाटली.

सँपल त्याच संध्याकाळी मुंबईला पाठवलं. शुक्रवारी रेवती मॅडमचा फोन आला. “ते डब्याचं वाक्य मूळ सिनेमात नाही.”

“नाही. काढू का?”

“खबरदार! मी काल आईला ऐकवलं. तिला मराठी येत नाही. पण तिथे ती रडली. म्हणाली, हे तेच दोघे आहेत.” मग एकदम कामाचा आवाज. “सोळाच्या सोळा तुमचे. जोडी बदलायची नाही.”

मिलिंद असा ओरडला की खालच्या दवाखान्यातली नर्स वर बघायला आली.

सध्या अकरावा सिनेमा चालू आहे. धडा एवढाच, की आपला आवडता नियम अधूनमधून तपासून घ्यावा. त्यात आपली सोय किती आणि कामाचं भलं किती, ते बघावं. उच्चारांवर मात्र मी अजूनही ओरडते.