विमान कोणी केलं

"पोरीच्या हातात काय कला आहे!" असं कोणी म्हटलं की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. साठ सालानंतरची गोष्ट सांगते. आमच्या अमरावतीत तेव्हा पोरगी पाहायला पाहुणे आले, की बैठकीतल्या टेबलावर तिच्या हातच्या वस्तू मांडून ठेवायची रीत होती. भरलेले रुमाल, क्रोशाची झालर, मण्यांचा पोपट. मला यातलं काही म्हणजे काही येत नव्हतं. मला विमान येत होतं.

ते मामांनी मुंबईहून आणलं होतं, दादा बी.ए. झाला म्हणून. खोक्यात महायुद्धातल्या इंग्रजांच्या लढाऊ विमानाचे प्लास्टिकचे सुटे भाग, सगळे जोडले तर वीतभरही नाही. दादाने पहिल्याच दिवशी गोंदाची नळी अशी काही दाबली, की पंखाचं प्लास्टिक विरघळून त्यावर अंगठ्याचा ठसा उमटला. "कटकट आहे," म्हणाला आणि खोकं पलंगाखाली सरकवलं. ते मी ओढून काढलं.

चार महिने लागले मला. तो ठसा काचकागदाने घासून काढायलाच आठ दिवस गेले. बाबांच्या जुन्या ब्लेडने भाग प्लास्टिकच्या काड्यांपासून सोडवायचे, कडा तासायच्या. रंग सायकलच्या दुकानातून मागून आणला. शेपटीकडे जाणारी बिनतारी यंत्राची तार खोक्यात नव्हतीच. उरलेली एक काडी चिमणीच्या ज्योतीवर धरली आणि मऊ होताच दोन्हीकडून ओढली, तर पाकाची निघते तशी केसासारखी तार निघाली. पण खोक्यावरच्या चित्रात इंजिनाच्या नळ्यांमागे धुराचे काळे ओघळ होते, ते काही रंगाने जमेनात. शेवटी माझ्या काजळाच्या डबीत बोट बुडवलं आणि हलकंच मागे ओढलं. हुबेहूब धूर! मी एकटीच हसले.

आईने पाहिलं. "डोयात घालाचं सोडून इमानाले काजळ फासून राहिली! लोकाइच्या पोरी रुमाल भरतात."

मग अकोल्याचे पाहुणे आले. आईने शेजारच्या काकूंचे रुमाल उसने आणून माझे म्हणून मांडले. टेबल रिकामं दिसतं म्हणून बाबांनी विमानही ठेवलं. मी चहा घेऊन गेले, तेव्हा मुलाच्या वडिलांच्या हातात तेच होतं.

"हे कोणी केलं जी?"

"आमच्या पोरानं," बाबा म्हणाले.

दादाने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी बोलेल. पण आयत्या पिठावर रेघोट्या ओढायची सवय झालेला माणूस! हसून म्हणाला, "वेळ भेटला की करतो जी."

"अन हा धूर कसा काढला?"

"रंग हाये तो."

मी ट्रे टेबलावर आदळला. "काजळ हाये ते. माझं. इमान मी केलं. अन हे रुमाल शेजारच्या काकूचे हायेत."

मुलाच्या वडिलांनी धुरावरून बोट फिरवलं, काळं झालेलं बोट पाहिलं आणि म्हणाले, "पोरगी खरं बोलते. आमाले पसंत हाये. पण लग्नानंतर असले धंदे आमच्या घरी नाई चालत."

"नाई जी, नाई. सोडून देईल थे," बाबा म्हणाले. मला कोणी विचारलं? कोणीच नाही.

लग्न झालं. अकोल्याला निघताना मी विमान मागितलं, तर बाबा म्हणाले, "खोकं त्याचं होतं ना?" झालं. विमान दादाच्या काचेच्या कपाटात राहिलं.

पहिल्या दिवाळीला माहेरी आले. भाऊबीजेच्या सकाळी दादाचे ऑफिसातले दोस्त फराळाला बसले होते. मी ओवाळणीचं ताट तयार करत होते आणि बैठकीतून दादाचा आवाज आला, "चार महिने लागले मले." चार महिने! माझे चार महिने!

दादा बैठकीतच मांडलेल्या पाटावर येऊन बसला. मी त्याला कुंकू लावलं, ताट उचललं. त्याने मांडीवरची साडी पुढे केली.

"साडी नको मले," मी म्हटलं. "तुह्या दोस्ताइसमोर सांग, इमान कोणी केलं. हीच ओवाळणी दे."

तो हसला. "येडी झाली का? एवढ्याशा खेळण्यावरून?"

"खेळणंच हाये तं सांगून टाक ना!"

दोस्तांचे हात चिवड्यातच थांबले. दादाने त्यांच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. आणि गुपचूप साडी ताटात ठेवली.

"ओवाळ ना बाई, दिवा विझते," आई काकुळतीला आली.

मी ताट साडीसकट खाली ठेवलं, चपला घातल्या आणि दुपारच्या मोटारीने अकोल्याला निघून गेले. पुन्हा कधी त्याला ओवाळलं नाही. दरवर्षी त्याचं पत्र यायचं, ये म्हणून. त्या एका वाक्याचं मात्र पत्रातही नाव नाही.

दादाला जाऊन बारा वर्षं झाली. लोक म्हणतात, मेलेल्या माणसावर कसला राग, आता तरी सोड.

काहून सोडू?