कप्तानाच्या बायकोची पायरी

आमच्या बंदरावर ज्याला सगळे कप्तान म्हणतात, त्याला धक्क्याला बांधलेल्या लाँचमध्ये नुसतं बसवलं तरी ओकारी होते. हे ऐकीव नाही. बेटावर जाणाऱ्या लाँचची तिकिटं मी विकते, आणि कप्तान माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. डोक्यावरची टोपी त्याने जहाजांचं भंगार विकणाऱ्याकडून आणली. मापाला मोठी होती, म्हणून आत वर्तमानपत्राची घडी घातली आहे. ती टोपी चढवली की हा माणूस आमच्याशी बोलतानासुद्धा क्षितिजाकडे बघतो.

धंदा म्हणाल तर गाइडचा. पर्यटकांचा घोळका दिसला की हा पुढे होतो, छातीवर हात ठेवतो आणि म्हणतो, "या शहराचा इतिहास माझ्या रक्तात आहे." रक्तात असेल बापडा, डोक्यात काही नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. फेरी सुरू होते बागेतल्या तोफेपासून. या तोफेनं म्हणे शत्रूची तीन गलबतं बुडवली. खरं तर ती एका मालवाहू जहाजाच्या तळाशी वजन म्हणून आली आणि परत न्यायचा खर्च नको म्हणून इथेच टाकली गेली. तिच्या तोंडातून आजवर आइस्क्रीमच्या काड्यांखेरीज काही निघालेलं नाही.

मग तटावरून चालत टेकडीवरच्या दीपगृहाकडे. वारा असतो, दोन्ही अंगांना पाणी दिसतं, माणसानं गप्प राहून बघावं असा तो रस्ता आहे. पण कप्तान गप्प बसेल तर शपथ. दीपगृहाच्या शेवटच्या रखवालदारानं प्रेमभंगापायी वरून उडी मारली, असं तो डोळे पुसत सांगतो. हा रखवालदार निवृत्त होऊन आमच्या मागच्या गल्लीत राहतो. एकदा भाजी घेताना त्याने कप्तानाला गाठलं आणि विचारलं, "मी कधी उडी मारली रे?"

"काका, मनावर घेऊ नका," कप्तान म्हणाला. "हंगाम संपेपर्यंतच आहे ती."

समोरच्या बेटावर तर चाच्यांचा खजिना आहे. पूर्वी तिथे तापाच्या साथीतले खलाशी आणून ठेवत, आता एक पाण्याची टाकी आहे आणि डास. पण तिकिटं मी विकते, त्यामुळे बेटाबद्दल मी तोंड उघडत नाही.

त्याची सगळ्यात मोठी लोणकढी थाप मात्र जुन्या धक्क्याच्या पायऱ्यांची. या दगडी पायऱ्या पाण्यातून निघतात, तटाच्या कडेने चढतात आणि मध्यावर काटकोनात वळतात. वळणावर एक रुंद दगड आहे आणि त्या दगडात, भिंतीच्या बाजूला, टाच बसेल एवढा गुळगुळीत खळगा आहे. कप्तान तिथे येऊन टोपी काढतो. एका कप्तानाचं गलबत म्हणे वादळात गेलं, आणि त्याची तरुण बायको अठरा वर्षं रोज याच दगडावर उभी राहून त्याची वाट बघत होती. तिच्या पावलांनी दगड झिजला, पण प्रेम झिजलं नाही. इथे बायका हमखास रुमाल काढतात.

एकदा एका चष्मेवाल्या बाईने विचारलं होतं, "पण खळगा तर भिंतीकडे आहे. इथे उभं राहिलं तर समुद्राकडे पाठ होते. ती वाट कशी बघायची?"

"रुसली होती, मॅडम," कप्तान म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्या माणसांनी एकाच वेळी अक्कल गहाण टाकलेली मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

आता खरं काय ते सांगते, मला त्यात कुणाचा रुमाल भिजवायचा नाही. वीजघराचा कोळसा बार्जमधून यायचा आणि तो तटापलीकडच्या वखारीत बायका वाहून न्यायच्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर भरलेली पाटी, पायात काही नाही. एवढं ओझं डोक्यावर असताना वळणावर नुसतं वळता येत नाही, मान मोडेल. डावी टाच दगडात रोवायची आणि अख्खं अंग तिच्यावर फिरवायचं. प्रत्येक बाई त्याच दगडावर, त्याच जागी वळायची. सासवा वळल्या, सुना वळल्या, त्यांच्या सुना वळल्या. खळगा पडला तो त्या टाचांनी. पुढे ओझी उचलणारी यारी आली, मग वीजघरच बंद झालं. शेवटच्या बायकांमध्ये एक होती कप्तानाची आई.

या माउलीने पाट्या वाहून त्याला शिकवलं. मुलाच्या शाळेत जायचं तर सार्वजनिक नळावर नखं रक्ताळेपर्यंत हात घासून जायची. पण नखांच्या कडांतला कोळसा काही निघायचा नाही. मग एक दिवस चिरंजीव म्हणाले, "आई, तू शाळेत येऊ नकोस." ती गेली नाही. ताईचं लग्न ठरताना आमच्या वडिलांनी विचारलं, आई काय करायच्या? तर हा म्हणाला, "बंदरात होती." वडिलांना वाटलं, कचेरीत असतील. बंदरात होती एवढं मात्र खरं.

म्हातारीला याचा काही राग नव्हता. ताईच्या या सासूबाईंना मी मावशी म्हणते. गुडघे गेल्यापासून त्या वरच्या चाळीतल्या दोन खोल्यांबाहेर फारशा पडत नव्हत्या. मुलगा रोज सकाळी टोपी घालून बाहेर पडतो, पायऱ्यांचा इतिहास सांगतो आणि दूरदूरची माणसं तो ऐकून डोळे पुसतात, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यांना वाटायचं, तो त्यांचंच सांगतो. शेजारणींना ऐकवायच्या, "आमच्या बाळ्याने आमचं नाव काढलं हो. कोण विचारणार होतं कोळशेवाल्यांना?" हे ऐकताना ताई भांडी जरा जास्तच जोराने घासायची.

अशातच पर्यटन कार्यालयात एक नव्या बाई बदलून आल्या. त्यांनी कप्तानाची गोष्ट ऐकली आणि ठरवलं की या पायरीचं स्मारक करायचं. दगडाभोवती दोरी, शेजारी पितळी फलक, संध्याकाळी रंगीत दिवे. आणि कप्तानाला अधिकृत गाइडची कायमची नोकरी, गणवेशासकट. सोहळ्याच्या दिवशी गोष्ट त्यानेच सांगायची आणि त्याच वेळी नेमणूक जाहीर व्हायची. बातमी घरात आली तेव्हा मावशींनी निवडायचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "आमची पायरी होय रे? पितळेत?"

"हो आई," कप्तान म्हणाला. "पायरीच."

दुसऱ्या दिवशी तो माझ्या खिडकीशी चहा प्यायला आला, तेव्हा मी त्याला धरलं.

"भावोजी, फलक कुणाचा लागतोय ते मावशींना सांगितलंत का?"

"सांगतो की."

"कधी?"

"अगं, तिला काय कळतंय त्यातलं? उगीच मनाला लावून घेईल."

"मग खरं तेच लावा ना फलकावर. अजून अक्षरं कोरायची आहेत म्हणे."

त्याने कप खाली ठेवला. "कोळसा बघायला कोण येतं? तू तरी येशील का सुटी काढून? लोकांना कप्तानाची बायको पाहिजे. हमाल नको."

आपल्या आईला हमाल म्हणून तो माणूस उरलेला चहा शांतपणे प्यायला. मी ताईकडे गेले. ताई म्हणाली, "तू मध्ये पडू नकोस. हंगाम संपला की आमच्या घरात काय शिजतं ते तुला माहीत आहे." बहिणीच्या चुलीपुढे तत्त्वं मांडायला मी काही पर्यटन कार्यालयातली नव्हे.

मावशींना त्याने एवढंच सांगितलं की गर्दी फार असेल, तू येऊ नकोस, फोटो दाखवीन. पण सोहळ्याच्या दिवशी दुपारी त्या माझ्या खिडकीपुढे येऊन उभ्या राहिल्या. ठेवणीतले कपडे, केस घट्ट बांधलेले, एक हात काठीवर. कुणाच्या तरी भाजीच्या टेम्पोत पुढे बसून आल्या होत्या.

"पोरी, पायरीपर्यंत ने मला," त्या म्हणाल्या. "बुटकी पण येणार होती, पण तिला अंथरुणातून उठवत नाही. म्हणाली, माझाही पाय ठेवून ये."

बुटकी म्हणजे त्यांची पाटीवरची जोडीदारीण. आता दोघीच उरल्यात. मी खिडकी बंद केली. रांगेतली माणसं ओरडली, ओरडू दिली. चाच्यांचा खजिना कुठे पळून जात नव्हता.

आम्ही पोहोचलो तेव्हा मुख्य पाहुण्यांचं भाषण सुरू होतं. हे गृहस्थ समुद्राला पाठ करून समुद्राचं कौतुक करत होते. मग कप्तान उभा राहिला. नवा गणवेश, पितळी बटणं, टोपी तीच. गोष्ट त्याने अशी सांगितली की आजवर तशी सांगितली नसेल. वादळ वाढलं होतं, बायको आणखी तरुण झाली होती. पाहुण्यांनी पडदा ओढला, टाळ्या झाल्या, आणि पर्यटनवाल्या बाईंनी फलक मोठ्याने वाचला: कप्तानाच्या पतिव्रता पत्नीच्या स्मृतीस.

मावशी सगळं नीट ऐकत होत्या. त्यांनी माझी बाही ओढली.

"आमचं नंतर आहे का?"

मी नुसती मान हलवली, आणि ती होकाराची की नकाराची, ते माझं मलाच कळलं नाही.

मावशींनी काठी माझ्या हातात दिली, चपला काढल्या आणि गर्दीतून वाट काढत पुढे गेल्या. दोरी खाली करून ओलांडली. दगडावर उभ्या राहिल्या. डावी टाच त्या खळग्यात ठेवली आणि उजवा हात वर, डोक्याशी नेऊन, अंग सावकाश फिरवलं. गुडघे गेलेली बाई, पण वळली अशी की कुठे अडखळली नाही. मग पाय उचलून पुन्हा तिथेच ठेवला आणि पुन्हा वळली. तो दुसरा पाय बुटकीचा.

बंदोबस्तावरच्या शिपायाने शिट्टी फुंकली. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. पर्यटनवाल्या बाई कप्तानाकडे वळून म्हणाल्या, "कोण आहेत या? ओळखता का तुम्ही?"

नेमणुकीचा कागद बाईंच्या हातात होता, अजून दिलेला नव्हता. माइक कप्तानाच्या हातात होता. ही माझी आई आहे, एवढे चार शब्द बोलायचे होते. आयुष्यभर ज्याच्या तोंडाची टकळी थांबली नाही, त्या माणसाला चार शब्द जड झाले. त्याने आईकडे पाहिलं, मग बाईंच्या हाताकडे पाहिलं, आणि माइकमधून, अगदी गोड आवाजात, सगळ्या बंदराला ऐकू जाईल असं म्हणाला,

"आजी, बाजूला व्हा बरं. ऐतिहासिक जागा आहे ती."

मावशींनी पाय काढून घेतला. त्याच्याकडे बघितलं, गणवेशावरून नजर फिरवली, टोपीपाशी थांबवली.

"होते हं, साहेब," त्या म्हणाल्या. "चुकले मी."

जाताना त्यांनी दोरी ओलांडली होती, पण आता त्यांना वाकता येईना. एवढ्या पाहुण्यांपैकी एकाने दोरी वर धरली नाही. मी जाऊन धरली.

कप्तानाला नोकरी मिळाली. फलक आहे, दिवे आहेत, आता त्या खळग्यात लोक नाणी टाकतात आणि नवरा सुखरूप यावा म्हणून डोळे मिटतात. घरी मावशी पहिल्यासारख्याच आहेत. डोकं अगदी जागेवर, ताईला तू म्हणतात, मला पोरी म्हणतात, शेजारणींची नावंच काय, त्यांच्या नातवंडांचे वाढदिवससुद्धा तोंडपाठ. फक्त मुलाला त्या अहो-जाहो करतात. "साहेब, पाणी तापलंय." "साहेब, आज उशीर झाला का?" आवाजात टोमणा नाही, रुसवा नाही. परक्या, भल्या माणसाशी बोलावं तशा बोलतात.

आधी तो हसला. मग चिडला, ताईवर, माझ्यावर, जेवणावर. सगळ्या जगाला शेंडी लावणाऱ्या माणसाला घरच्या म्हातारीपुढे एक गोष्ट रचता येईना. मला त्याची कीव आली नाही. खोटं कशाला बोलू, एकदाच आली. परवा मी तिथे बसले होते, तेव्हा तो कामावरून आला. टोपी काढून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. तिथून आत जाईना, मागे फिरेना.

"आई," तो म्हणाला. "मी बाळ्या आहे गं."

मावशींनी हात पुसले आणि त्याच्यासाठी खुर्ची पुढे केली.

"बसा ना, साहेब," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा येईलच एवढ्यात."