बैलाच्या पाठीवरचा पंजा

शेंदूरजनाघाटजवळ आमची संत्र्याची बाग होती. तिच्याभोवती पुरुषभर उंच काट्यांचं कुंपण. प्लेगात सारं गाव शेतातल्या झोपड्यांत राहायला आलं, तेव्हा मी तान्ही होते. माझे दोन थोरले भाऊ त्याच साथीत गेले. आमची झोपडी मात्र पुढं कधी उठलीच नाही. "गावात कोनी उरलं नाई," वडील सांगत. "कुंपनाभाईर गेली का मेली."

स्वतः ते दूरच्या बाजारात संत्री विकायला जात आणि आले की कुंपणाबाहेरच कडुनिंबाच्या पाण्यानं न्हात. आईला काही विचारलं की ती चूल फुंकायला लागे. मला एका जागी बसवत नसे. दिवसातून दहादा मी कुंपणाला फेरी घाली. आज आठवलं तरी डोकं फिरतं.

पोळा आम्ही बागेतच करायचो. मी दहा वर्षांची असताना वडिलांनी नवी पांढरीशुभ्र जोडी आणली. ती कुणाला दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडेना. पोळ्याला दुपारी ते बैल घेऊन गेले, ते थेट दिवेलागणीला परतले. बैलांच्या शिंगांना बेगड होती आणि एकाच्या पाठीवर गेरूचा पंजा उमटलेला. मी त्यावर हात ठेवला. पंजा माझ्या हाताखाली पार झाकला गेला. म्हणजे इथंच, गावात, माझ्याहून लहान कुणीतरी जिवंत होतं! मला आनंद झाला, आणि लगेच रागही आला.

"हा पंजा कोनाचा?"

"माह्याच," वडील म्हणाले आणि घाईघाईनं पाणी आणायला गेले. त्यांचा हात सुपाएवढा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते विहिरीवर असताना मी तो बैल सोडला. फाटकातून तो सरळ वाटेला लागला, मी त्याच्यामागं. गावात चुली पेटल्या होत्या. तान्ह्या पोळ्याची पोरं लाकडी बैल ओढत होती. पाणी भरून येणारी एक बाई थांबली.

"हा बैल त काल पोयात होता. तू कोनाची वं?"

मी वडिलांचं नाव सांगितलं. तिनं डोक्यावरची घागर खाली ठेवली.

"त्याचे त सारे लेकरं पिलेगात गेले! त्यानंच सांगतलं होतं."

ती दोन पावलं मागं सरली. मी जिवंत आहे, हे मला तिथं ओरडून सांगावं लागलं.