आठवीची वेळ

माझ्या शिक्षणाचं श्रेय मी आधी आमच्या सरपंचांना देतो. बेंबळीजवळचं आमचं सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं.

निजामाचं राज्य जाऊन आठ-दहा वर्षं झाली होती. गावातली शाळा सातवीपर्यंत होती. त्या वर्षी आठवीचा वर्ग मंजूर झाला. तो दिवसभर भरवावा असं मास्तरांचं मत होतं. चावडीवरच्या बैठकीत माझे वडील म्हणाले, "दिवसभर शाळा म्हनल्यावर आमचं पोरगं न्हाय यायचं. बैलामागं कोन जाईल?" आणखी तीन-चार जणांनी माना हलवल्या. मुलंच नसतील तर वर्ग परत जाणार होता.

आमच्याकडं रीत अशी, की जाजमावर बसेल त्यानंच बोलायचं; पोरांनी भिंतीकडेला उभं राहायचं. चाचांनी सातवी पास झालेल्या आम्हा पोरांना आणि दोघी मुलींना जाजमावर बसवलं. त्यातली एक त्यांची पुतणी.

"आता पोरांची पंचायत व्हय?" कुणीतरी म्हणालं.

"आठवीत तुम्ही बसनार का?" चाचा म्हणाले, आणि माझ्याकडं वळले. "बोल रे, तुला कसं जमतं?"

वडिलांसमोर बोलायची मला सवय नव्हती. "सकाळची शाळा ठेवा," मी म्हणालो. "दुपारनं मी बैलं नेतो."

चाचांची पुतणी लगेच म्हणाली, "सकाळी आमाला पानी भरायचं आसतं. ह्याचं काय जातं सांगायला?"

सगळे हसले. मास्तर म्हणाले, "बघा, यांचंच एकमत नाही."

"आपलं तरी कवा झालं?" असं म्हणून चाचांनी आम्हाला बाजूला बसून ठरवायला लावलं. आम्ही परत येऊन सांगितलं : शाळा सकाळची, त्याआधी आडाचं पाणी मुलं शेंदतील, मुली घरी नेतील.

"बांगड्या बी भरा आता," एक म्हातारे म्हणाले. आमच्या गावात पुरुष आडावर पाणी शेंदत नसत.

माझे वडील म्हणाले, "बैलं उपाशी ऱ्हायली तर शाळा बंद."

वर्ग भरला. आडावर वर्षभर आमची चेष्टा झाली. पुढं मी औरंगाबादेत बी.ए. झालो आणि तिथंच नोकरीला लागलो. तिथून चाचांना पाठवलेलं पत्र असं :

"चाचांना आदाब. धाकट्या भावाला शाळेतून काढून शेतात घालायचं घरी चाललंय, असं वडिलांच्या पत्रावरून कळलं. त्यांची समजूत घाला, असं मी म्हणत नाही. एवढंच करा, ठरवायला बसाल तेव्हा त्यालाही बसवा आणि विचारा. तो शेती म्हणाला तर मी मधे पडणार नाही. त्यानं शिकावं ही माझी इच्छा मात्र त्याला आधी सांगू नका."