निंबा पेंटर आणि इटलीवाला

निंबा पेंटरचा हात देवाने दिला होता. राग कुणी दिला होता ते कळायला मार्ग नाही. बऱ्हाणपुरात लग्न निघालं की दारावर हत्ती-घोडे काढायला निंबाच हवा. त्याच्या घोड्यापुढे चार काड्या गवत टाकावं असं बघणाऱ्याला वाटायचं, खोटं नाही सांगत. कापडाच्या दुकानाची पाटी लिहिली तर अक्षरओळख नसलेला माणूसही रस्त्यात उभा राहून बघत बसायचा. पण कुणी नुसतं म्हणालं, की निंबाभाऊ, रंग जरा फिका वाटतो, की संपलं. डबा रस्त्यात भिरकावून हा घरी चालता व्हायचा. लालबागेत एका दारावर दोन पायांचा घोडा कितीतरी दिवस तसाच होता, आणि त्या घरची मंडळी तोच घोडा पाहुण्यांना कौतुकाने दाखवायची. आता बोला.

अशा माणसाला दोस्त कुठून असणार? तरी एक होता. जसोंडीचा कडू. केळीचा मळा, घरात बायको मनकर्णा आणि पाळण्यात कोकिळा नावाची पोर. निंबा चिडला की कडू खांद्यावर हात टाकून त्याला चहा पाजायला न्यायचा. निंबाला सांभाळून घ्यावं तर कडूनेच, असं सगळे म्हणायचे.

स्वातंत्र्य यायच्या आदल्या वर्षीची आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. त्या दिवशी आपल्याकडे पत्त्यांची मुभा असते. एरवी पत्त्याला हात न लावणारे सासरे-जावईसुद्धा झाडाखाली डाव मांडतात. कडूच्या मळ्यात विहिरीपाशी डाव पडला होता. निंबा हरत होता. कोण काय बोललं, ते नंतर ज्याने त्याने आपल्या मनाने सांगितलं. घडलं ते एवढंच, की निंबा उठला आणि त्याने दोन्ही हातांनी कडूच्या छातीत ढकललं. मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याच्या दगडावर कडूचं डोकं आपटलं. लोकांनी पाणी मारलं, हाका मारल्या, पण कडू उठला नाही. निंबा मात्र उभ्या केळीतून पळत सुटला.

पळून गेला तो थेट होळकरांच्या हद्दीत. तेव्हा असंच होतं. इकडे इंग्रजाचं राज्य, तिकडे संस्थान, आणि मध्ये एक नाका. इकडच्या पोलिसाला तिकडे हात घालायचा तर कागदांवर कागद लागायचे, आणि एका पाट्या रंगवणाऱ्यासाठी एवढी उठाठेव करतो कोण? सनावदच्या बाजूला निंबा नाव बदलून राहिला. लग्नाची दारं रंगवली, देवळांच्या भिंती रंगवल्या. काम असं करायचा की लोकांनी तोंडात बोटं घालावीत, आणि गावात जरा नाव व्हायला लागलं की पुढच्या गावाला जायचा. त्याच्या बायकोला मागे बऱ्हाणपुरात माहेरी जावं लागलं, ती तिथेच तापाने गेली. हे त्याला कळलं तेव्हा तिचं वर्षश्राद्धही होऊन गेलं होतं.

मग संस्थानं विलीन झाली. लोकांनी पेढे वाटले, मिरवणुका काढल्या. निंबा एका घराच्या दारावर घोडा काढत होता, तिथेच त्याला कळलं की नाका उठला. ज्या रेघेच्या आड त्याने जीव लपवला होता ती रेघच पुसली गेली होती. देशाला आनंद झाला आणि ह्या एका माणसाच्या पायाखालची जमीन सरकली. काही दिवसांनी खांडव्याकडचे पोलीस आले तेव्हा तो पळाला नाही. घोड्याची शेपूट राहिली होती, तेवढी पुरी करू द्या म्हणाला. त्यातला एक शिपाई, तोही शेवटी माणूसच, बिडी पेटवून ओट्यावर बसला आणि शेपूट पुरी होईपर्यंत बघत राहिला. मग निंबाने हात धुऊन पुढे केले.

ठरवून मारलं नाही हे कोर्टाने मानलं. शिक्षा झाली, ती भोगून तो बऱ्हाणपुरात परत आला. आल्या आल्या पहिल्यांदा जसोंडीला गेला. मनकर्णा अंगणात कापूस निवडत होती. तिने वर बघितलं, टोपली उचलली, आत गेली आणि दार लावून घेतलं. निंबा ऊन उतरेपर्यंत बाहेर बसला. दार उघडलं नाही. सरकारने सोडलं होतं, हिने सोडलेलं नव्हतं. तिच्या तोंडून एक शब्द यावा, एवढ्या एका गोष्टीसाठी तो पुढे जगला म्हटलं तरी चालेल.

काम कोणी देईना. लालबागेत विनायक मास्तर म्हणून चित्रकला शिकवणारे एक भले गृहस्थ होते, त्यांनी त्याला शाळेचे फळे काळे करायला बोलावलं. एका दुपारी मास्तरांनी त्याच्यापुढे एक जाडजूड विलायती पुस्तक उघडलं. त्यात चित्रं होती. निंबाने पहिलं पान बघितलं आणि हातातला कुंचला खाली ठेवला. सगळा अंधार, आणि त्या अंधारातून एक खांदा, एक कपाळ, एक हात असा बाहेर आलेला की आता बोटांना ऊब लागेल. पत्त्यात लबाडी करणारे लुच्चे होते, देवीपुढे गुडघे टेकलेला म्हातारा होता, आणि त्याचे मळके तळवे बघणाऱ्याच्या तोंडापुढे होते. देवाच्या चित्रात मळके पाय! निंबाच्या अंगावर सर्रकन काटा आला.

मग मास्तरांनी त्या माणसाची कहाणी सांगितली. कारावाज्जो नाव. इटलीतला, साडेतीनशे वर्षांपूर्वीचा. रस्त्यावरची माणसं धरून आणायचा आणि त्यांचेच संत करायचा. श्रीमंत लोक त्याच्या चित्रांसाठी झुरायचे, आणि हा तलवार लावून गल्लीत भांडणं उकरायचा. अशाच एका भांडणात त्याच्या हातून माणूस मेला. त्याला देहदंड फर्मावला गेला, आणि तो पळाला. ह्या राज्यातून त्या राज्यात, बेटांवर, जिथे जाईल तिथे चित्रं काढत आणि तिथेही भांडत. निंबा खाली बसला होता तो ऐकता ऐकता भिंतीला टेकला. मास्तरांनी शेवटी एक पान काढलं. त्यांच्या धर्मातल्या गोष्टीतला एक कोवळा पोरगा एका दांडग्याचं तोडलेलं मुंडकं केसांना धरून उभा आहे. मास्तर म्हणाले, ह्या मुंडक्याचा चेहरा त्याने स्वतःचा काढलाय. हे माझं डोकं घ्या आणि मला माफ करा, असा त्याचा अर्थ लावतात. पुढे माफीच्या आशेने तो रोमकडे निघाला आणि वाटेतच गेला.

निंबाने ते पान पुन्हा पुन्हा बघितलं. समुद्रापलीकडे कोणी एक माणूस आपलंच आयुष्य आपल्याआधी जगून गेला होता, आणि असं जगून गेला होता की त्याच्या पापातूनही उजेड बाहेर आला. त्या दिवसापासून तो इटलीवाल्याचं नाव आपल्या गुरूसारखं घ्यायला लागला. नाव तोंडात बसायचं नाही, म्हणून नुसतं ‘इटलीवाला’ म्हणायचा.

पुढच्या वर्षी जसोंडीत गावदेवीच्या देवळाची भिंत नव्याने बांधली. गावचे जाणते देवरामबाबा, त्यांनी निंबाला काम द्यायचं मनात आणलं. पण आधी मनकर्णाला विचारलं. ती म्हणाली, देवीचं काम आहे, मला काय विचारता. निंबाने भिंतीपुढे गोणपाटाचा पडदा लावला आणि आत कोणाला येऊ दिलं नाही. काजळी, गेरू, चुना आणि एक समई घेऊन महिनाभर तो त्या गाभाऱ्यालगतच्या काळोखात राबला. रंग फिका झाला का, असं विचारायची कोणाची छाती नव्हती, आणि गंमत म्हणजे आता विचारलं असतं तरी तो चिडला नसता.

नवरात्राच्या तोंडावर पडदा काढला. पुढची बायामाणसं दोन पावलं मागे सरली. काळ्याभोर भिंतीतून देवी चालून येत होती. समईचा उजेड तिच्या दंडावर, कपाळावर पडला होता, आणि तो रंगातला उजेड कोणता आणि खरा कोणता हे कळेना. पायाखाली महिषासुर, त्याच्या गळ्याशी त्रिशूळ. देवरामबाबांनी तर आडवं पडून दंडवत घातला. मग एका बाईच्या लक्षात आलं की महिषासुराचं तोंड निंबाचं आहे. आणि मग सगळ्यांच्याच लक्षात आलं की देवीचं तोंड मनकर्णाचं आहे. सगळ्या माना मनकर्णाकडे वळल्या.

निंबा हात जोडून बाजूला उभा होता. इटलीवाल्याने जे केलं तेच त्याने केलं होतं, आणि जीव ओतून केलं होतं. आता ती रडेल, काहीतरी बोलेल, असं त्याला वाटत होतं. मनकर्णा पुढे झाली. तिने भिंतीवरच्या आपल्याच चेहऱ्याकडे नीट बघितलं.

‘‘माझ्या हातात त्रिशूळ दिलास,’’ ती म्हणाली. ‘‘मला विचारलंस का? मी कधी कुणाला मारलंय?’’

निंबाने जोडलेले हात खाली घेतले.

‘‘तू भिंतीवर मेलास म्हणजे तुझं फिटलं. माझं काय फिटलं त्यात? माझं तोंड काढून टाक तिथून. तुझं राहू दे नाहीतर पूस, ते तुझं तू बघ.’’

लोक हळहळले. असं चित्र पंचक्रोशीत झालं नव्हतं. देवरामबाबांनी समजावून बघितलं, पण बाई बधली नाही. निंबाने सगळ्यांसमोर ओल्या फडक्याने देवीचा चेहरा पुसला आणि दुसऱ्या दिवशी वेगळा, कोणाचाच नसलेला चेहरा काढला. महिषासुराला हात लावला नाही. देवी अजून आहे तिथे, लोक पाया पडतात, पण ज्यांनी पहिला चेहरा बघितला ते म्हणतात, ती गोष्टच निराळी होती.

त्यानंतर आठवडाभरात मनकर्णाचा निरोप आला. निंबा धावत गेला. ह्या वेळी दार उघडं होतं. तिने त्याला आत बोलावलं, बस म्हटलं नाही. नवा चुना दिलेली एक भिंत दाखवली. म्हणाली, घरात कडूचा एक फोटो नाही, तेव्हा कोण फोटो काढायचं? कोकिळा बापाला ओळखत नाही. माझ्या डोळ्यांपुढूनही आता तो पुसट व्हायला लागलाय. तू चेहरे विसरत नाहीस. कडूला काढ.

निंबा भिंतीपुढे उभा राहिला. एवढ्या वर्षांत शेकडो चेहरे काढले, पण तो एक काढला नव्हता. काढला नाही तरी रोज दिसत होता. त्याने काजळीत कुंचला बुडवला आणि सुरुवात केली. कपाळ आलं, जाड भुवया आल्या, आणि भिंतीतून कडू असा वर येत गेला, जसा कोणी पाण्यातून डोकं वर काढावं. कोकिळा दारात उभी होती ती कधी आत येऊन उभी राहिली, कोणाला कळलं नाही. मनकर्णाने पदर तोंडाशी धरला होता. कडू हसत होता. पत्ते हातात धरून, मान जरा मागे टाकून, तोंडभर हसत होता.

‘‘असा होता तो? शेवटी?’’ मनकर्णाने विचारलं.

‘‘हो वहिनी.’’

‘‘हसत होता?’’

‘‘हो.’’

‘‘मग मारलंस कशाला रे?’’

पोलिसांनी, वकिलांनी, पंचांनी कितीतरी विचारलं होतं. कोणी असं विचारलं नव्हतं. निंबाने कुंचला खाली ठेवला.

‘‘हसत होता म्हणूनच, वहिनी. मला वाटलं, मलाच हसतोय.’’

मनकर्णा रडली, आणि निंबा तिच्यापासून हातभर दूर बसून रडला. कोकिळाने भिंतीवरच्या ओल्या गालाला बोट लावलं, ते काळं झालं, तरी तिने ते पुसलं नाही.

माफ केलं असं मनकर्णा कधीच म्हणाली नाही. खेड्यातल्या घराला दिवाळीच्या आधी चुना द्यावाच लागतो. पुढच्या वर्षी चुना देताना ती कडूचा भाग सोडून देईल असं सगळ्यांना वाटलं होतं. पण तिने तो कोपरासुद्धा सोडला नाही, कडूवरून चुन्याचा हात फिरवला आणि भिंत पांढरीफटक केली. मग बऱ्हाणपूरला निरोप धाडला, की भिंत वाळली, निंबाला ये म्हणावं. निंबा गेला आणि त्याने तोच चेहरा पुन्हा काढला. पुढच्या दिवाळीला पुन्हा, त्याच्या पुढच्या दिवाळीलाही. म्हातारा झाला, डोळे अधू झाले, तरी निरोप यायचा आणि तो जायचा. काम संपलं की मनकर्णा त्याला जेवायला वाढायची, आणि दोघं एकमेकांशी न बोलता कडूकडे बघत बसायची.