आबासाहेबांच्या बुटातली कुसळं

आधीच सांगतो, करणी-भानामती म्हणलं की माझं टाळकं सटकतं. आमच्याकडं कुणाची म्हैस आटली तरी लोक गोठ्यात लिंबू शोधत बसतात, आणि मी त्यांना तोंडावर हसणारा माणूस. तेव्हा हे वाचून तुम्ही मला हसलात तर राग नाही. खोटारडा म्हणलात तर मात्र आहे.

मी केज तालुक्यातला, मेंढपाळाच्या घरचा. हॉटेल मॅनेजमेंट केलं आणि बोटीवर लागलो. साधीसुधी बोट नाही — लई पैसेवाल्या लोकांना अंटार्क्टिका दाखवून आणणारी. अर्जेंटिनाच्या पार टोकावरून निघायचं, दोन दिवस खवळलेला समुद्र, पोटातलं सगळं बाहेर, आणि मग बर्फ. खोलीतल्या टबात गरम पाण्यात बसून हिमनग बघतात लोक! असले अनुभव रात्रीचे येतात म्हणे... तिथं डिसेंबरात रात्रच होत नाही. जे झालं ते लख्ख उजेडात झालं.

तिकडं एक कडक नियम आहे. बाहेरचं एकही बी त्या जमिनीवर पडता कामा नये. म्हणून उतरण्याआधी प्रत्येकाचं जॅकेट, पँट, पिशवी व्हॅक्यूमनं साफ करायची, बूट औषधाच्या पाण्यात घासायचे, वेल्क्रोच्या चिकटपट्टीत अडकलेला कचरा चिमट्यानं काढायचा. हे काम माझ्याकडं होतं. मेंढक्याच्या पोराला कुसळ शोधायला कुणी शिकवावं लागतं का?

त्या फेरीला पहिल्याच दिवशी जेवणाच्या हॉलमध्ये बघतो तर कोण — आमच्या गावचे आबासाहेब! गळ्यात चेन, कपाळाला अष्टगंध, हातात गुंडाळलेला बॅनर. बॅनरवर त्यांचा फोटो आणि खाली ‘सातव्या खंडावर पाऊल ठेवणारे आपले नेते’. पाऊल ठेवायच्या आधीच छापून आणलेला. म्हणजे बघा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. का, तेही सांगतो. गावाच्या वरच्या अंगाला माळ आहे. गायरानच, पण चार पिढ्या आमची मेंढरं तिथं चरली. आबासाहेबांनी एका उन्हाळ्यात तारेचं कंपाउंड मारलं, जेसीबी घातला आणि मुरूम उपसायला सुरुवात केली. माझा बा विचारायला गेला तर त्यांच्या गड्यांनी त्याला ढकलून दिलं. पटका मातीत पडला. बा तसाच उठला, पण घरी आला नाही. सरळ आबासाहेबांच्या दारात जाऊन बसला.

आमच्यात एक रीत आहे. रानातून आलं की उंबऱ्याबाहेर बसून कपड्यांची कुसळं वेचायची आणि चुलीत घालायची. दुसऱ्याच्या दारात चुकूनही टाकायची नाहीत. टाकली तर ज्यानं टाकली त्यानंच वेचून न्यायची, न्हाईतर त्या घराच्या पायाला लागतात. त्या दिवशी बानं धोतराची, घोंगडीची एकूण एक कुसळं वेचली आणि आबासाहेबांच्या उंबऱ्यावर ठेवली. म्हणाला, “माझ्या पायाखालची जिमीन काढलीस. आता तुला पाय टेकाया जागा घावती का बघ.”

आबासाहेब खदाखदा हसले. “कुसळंच हायेत बे, झाडून टाका!”

चरायला जागा नाही म्हणून मेंढरं विकली. बा खाटेवर पडला तो उठलाच नाही. माती झाली तेव्हा मी समुद्रावर होतो, बाचं तोंड मी मोबाईलवर बघितलं. आता हा माणूस माझ्यापुढं ताट घेऊन उभा, आणि मी म्हणतोय, “वेलकम, सर.” युनिफॉर्ममध्ये त्यांनी मला ओळखलंच नाही.

तपासणीच्या वेळी त्यांचं जॅकेट माझ्याकडं आलं. बोटीनं दिलेलं, कोरं, त्यांच्या हातात देताना मीच प्लास्टिक फाडलेलं. बाहीच्या चिकटपट्टीत चिमटा घातला, आणि काय निघावं? कुसळी गवताचं कुसळ. पिळदार शेपटीचं, आमच्या माळावरचं. एक काढलं, दुसरं निघालं. सात निघाली. आमची मुख्य, इंग्रिड मॅडम, नॉर्वेची बाई, कायद्याला एकदम पक्की. म्हणाली, पुन्हा सगळं साफ होईपर्यंत हे उतरणार नाहीत. काठावर नेणारी सकाळची रबरी बोट त्यांना न घेताच गेली.

दुसऱ्या दिवशी नवं जॅकेट, नवी पँट दिली. या वेळी मोज्यात निघाली. हिरवी, ओली! आपल्याकडं डिसेंबरात कुसळी वाळून खडंग झालेली असते. आता आबासाहेब माझ्याकडं नीट बघायला लागले. छातीवरची नावाची पट्टी वाचली आणि भडकलेच.

“अरे, हा तर त्या मेंढक्याचा पोरगा! ह्योच टाकतोय मुद्दाम! माझी इज्जत काढायला आलाय!”

बिरोबाची आण घेऊन सांगतो, मी टाकली नाहीत. टाकावीशी वाटली होती का? लई वाटली होती. पण आणू कुठून? मॅडमनं माझी खोली उलथीपालथी केली, गादी फाडायची तेवढी ठेवली. काही मिळालं नाही. तरी मला तिथून काढून खाली लाँड्रीत टाकलं. नोकरी राहते का जाते, हे बंदराला लागल्यावर ठरणार होतं. आबासाहेब जिन्यात भेटले तेव्हा मिशीत हसले.

शेवटचा दिवस. आधीची उतरायची ठिकाणं बेटांवरची होती, ती सगळी त्यांची हुकलेली; आज खऱ्या खंडावर उतरायचं होतं. इंग्रिड मॅडमनं स्वतः सीलबंद पाकिटं फोडून त्यांना मोज्यापासून टोपीपर्यंत कपडे घालायला दिले. बुटात हात घालून बघितला. काही नाही. आबासाहेब बॅनर घेऊन रबरी बोटीत बसले. मी लाँड्रीच्या गोल खिडकीला नाक लावून उभा होतो. मनात एकच — याचा पाय टेकू नये. देवाजवळ इतक्या कळकळीनं मी बाचं आयुष्यसुद्धा मागितलं नव्हतं.

बोट काठाला लागली. आबासाहेबांनी एक पाय बाहेर काढला आणि तसाच वर धरला. मग मागं घेतला. दुसरा काढला, तोही मागं घेतला. मग खालीच बसले आणि दोन्ही हातांनी बूट ओढायला लागले.

बोट चालवणारा फिलिपिन्सचा सहकारी मला नंतर म्हणाला, बूट उलटा केला तर घोट्यापर्यंत ठासून भरलेली हिरवी कुसळं, आणि पाय रक्तानं माखलेला. मॅडमनं त्यांना उतरू दिलं नाही. एक बीसुद्धा खाली पडू नये म्हणून बूट पिशवीत घातला आणि त्यांना आल्या पावली परत पाठवलं. बाकीचे उतरले, पेंग्विनबरोबर फोटो काढले. मी खाली एकटाच मोठ्यानं हसलो. लाज वाटली नाही.

दुपारी लाँड्रीचं दार उघडलं. आबासाहेब. पायाला पट्ट्या, भिंतीला धरून चालत आलेले.

“तुझ्या बाला फोन लाव,” म्हणाले. “म्हणावं, माळ सोडतो. येऊन वेच म्हणावं.”

“बा गेला, सर. दीड वर्ष झालं.”

त्यांना माहीतच नव्हतं! एकाच गावात राहून माहीत नव्हतं. ते टॉवेलच्या गठ्ठ्यावर बसले.

“मग आता कुणाला सांगू?”

मी पुढचा टॉवेल उचलला. त्यांनी पट्टीचा पाय माझ्याकडं सरकवला. “तू त्याचा पोरगा हायस. तू वेच बाबा. हात जोडतो.”

पट्टीच्या कडेतून एक हिरवी शेपटी बाहेर आलेली मला स्पष्ट दिसत होती. नुसतं वाकायचं होतं. मी टॉवेलच्या घड्या घालत राहिलो. शेवटी ते भिंतीला धरत उठून गेले.

नोकरी राहिली, कारण शेवटच्या दिवशी मी त्यांच्या जवळपासही नव्हतो. इंग्रिड मॅडमनं मला त्या गवताचं नाव विचारून लिहून घेतलं, पण ते कुठून आलं हे तिलाही सांगता आलं नाही. मी सुट्टीवर आलो तेव्हा माळावर जाऊन आलो. तारा काढलेल्या आहेत. पण खाली नुसता खड्डा, मुरूमसुद्धा संपलेला, गवताची काडी नाही. मग ती कुसळं कुठली? तुमच्यापैकी कुणाला उत्तर सुचलं तर सांगा. मला सुचलेलं नाही.

आबासाहेब आता केजच्या बाजारात आले तरी गाडीतून खाली उतरत नाहीत. लोक काचेशी जाऊन बोलतात. माझी आई म्हणते, “बास झालं. तुझ्या बानंसुद्धा एवढं मागितलं नसतं. जा, वेच अन् मोकळा हो.”

येत्या बाजारी जातो, असं मी तिला सांगितलंय. तीन बाजार झाले.